स्केट्स विकले गेले, पण मैदान सुटले नाही

फुटबॉलच्या खेळात नाव होते ते गोल करणाऱ्याचे. लोक त्याला खांद्यावर घेतात, वर्तमानपत्रात फोटो त्याचाच येतो. आपल्या गोलासमोर उभे राहून हल्ले परतवणाऱ्या बचावपटूचे तसे नसते. त्याने एकोणनव्वद मिनिटे चोख काम केले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. नव्वदाव्या मिनिटाला एकदा चूक झाली, तर मात्र तीच जन्मभर लोकांच्या तोंडी राहते. क्रोएशिया देशाचा देयान लोव्हरेन हा असाच एक बचावपटू. त्याची कहाणी घरातील मुलामुलींना जवळ बसवून सांगावी अशी आहे. ती केवळ खेळाची नाही. घरदार सुटलेल्या आणि बोलण्यावरून हिणवल्या गेलेल्या एका पोराने जगात आपली जागा कशी मिळवली, आणि चुकल्यावरही ती कशी राखली, याची ती कहाणी आहे.

एक पिशवी घेऊन निघालेले कुटुंब

देयानचा जन्म ५ जुलै १९८९ रोजी झेनिका येथे झाला. झेनिका हे बोस्नियातील पोलाद कारखान्याचे, कामगारांचे शहर. त्या वेळी बोस्निया आणि क्रोएशिया हे दोन्ही युगोस्लाव्हिया या एकाच देशाचे भाग होते. देयानचे आईवडील क्रोएट वंशाचे. पुढे देश फुटला आणि १९९२ साली बोस्नियात युद्ध पेटले. काल एकमेकांच्या सुखदुःखात धावून जाणारे शेजारी धर्म आणि वंश विचारून एकमेकांचे वैरी बनले. धोक्याचा भोंगा वाजला की आई लहानग्या देयानला कवटाळून तळघरात जाई. नात्यातील एका माणसाची हत्या झाली. शेवटी एक पिशवी भरून हे कुटुंब घर, सामान सारे मागे टाकून निघाले. देयान तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता.

जर्मनीतील म्युनिक शहरात आजोबा होते. त्यांच्या आधाराने सारे तेथे राहिले. देयान जर्मन शिकला, त्याला मित्र मिळाले, फुटबॉलची गोडी लागली. पण निर्वासिताचे राहणे परवानगीवर असते. दर सहा महिन्यांनी आईवडील मुदतवाढीसाठी अर्ज करीत आणि निघावे लागेल म्हणून सामान बांधून ठेवीत. मी स्वतः कारकुनी करणारा माणूस. कागदावर ‘नामंजूर’ असा एक शेरा पडला की त्यामागे किती घरांची झोप उडते, हे मी पाहत आलो आहे. लोव्हरेन कुटुंबाच्या अर्जावरही एक दिवस तो शेरा पडला. सात वर्षे जेथे काढली, ते शहर सोडावे लागले.

आपल्याच देशात परका

१९९९ च्या सुमारास हे कुटुंब क्रोएशियातील कार्लोव्हाक या गावी आले. राजधानी झाग्रेबपासून ते सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. हा तर स्वतःचा देश, स्वतःची माणसे! पण शाळेत देयानचे हाल झाले. त्याच्या क्रोएशियन बोलण्याला जर्मन वळण होते, लिहिताना व्याकरण चुके. मुले हसत, त्यावरून मारामाऱ्या होत. जर्मनीत तो परका होताच, येथेही तो परकाच ठरला.

घरची परिस्थितीही बेताची होती. आई दुकानात काम करी, वडील घरे रंगवीत. तरी महिन्याची तोंडमिळवणी होत नसे. देयानकडे बर्फावर घसरत खेळण्याचे स्केट्स होते आणि ते त्याच्या फार आवडीचे होते. एक दिवस ते दिसेनात. आईने सांगितले, घरात पैसे नव्हते म्हणून वडिलांनी ते विकले. साडेतीनशे कुना आले, त्यावर आठवडा निघणार होता. पोराने ते मनात ठेवले. आपल्या घरावर पुन्हा अशी वेळ येऊ द्यायची नाही, असे त्याने ठरवून टाकले.

फुटबॉलला महागडे साहित्य लागत नाही, आणि चेंडूला कोणाचे उच्चार कळत नाहीत. ज्याच्या बोलण्याला मुले हसत, त्याच्या पायांना मात्र कोणी हसू शकले नाही. २००४ साली झाग्रेबच्या डिनामो या नामांकित क्लबच्या युवा संघात त्याला प्रवेश मिळाला. लगेच मोठ्या संघात घेतले असे झाले नाही. इंटर झाप्रेशिच या लहान क्लबकडे पाठवून त्याला घडवले गेले. २००९ मध्ये तो देशाकडून पहिला सामना खेळला. २०१० मध्ये फ्रान्सचा लिऑन, २०१३ मध्ये इंग्लंडचा साउदॅम्प्टन आणि २०१४ मध्ये लिव्हरपूल. लिव्हरपूलने त्याच्यासाठी सुमारे दोन कोटी पौंड मोजले.

निंदा आणि स्तुती

१४ एप्रिल २०१६ चा सामना लिव्हरपूलचे लोक विसरत नाहीत. युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीच्या डॉर्टमुंड संघापुढे ते १–३ ने मागे होते. तेथून त्यांनी ३–३ अशी बरोबरी साधली आणि ९१ व्या मिनिटाला बचावपटू लोव्हरेनने पुढे येऊन डोक्याने विजयी गोल केला. त्या रात्री तो देव झाला.

दीड वर्षाने, २२ ऑक्टोबर २०१७ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर टॉटनहॅमविरुद्ध त्याच्या चुका संघाला भोवल्या. पहिल्या बारा मिनिटांतच दोन गोल झाले आणि ३१ व्या मिनिटाला प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनी त्याला बाहेर बोलावले. दुखापत नसताना अर्धा तास खेळून हजारो लोकांसमोर मैदान सोडणे, याहून मोठी नामुष्की खेळाडूला कोणती? सामना १–४ असा गेला. पुढे, आपल्या कुटुंबाला जिवे मारण्याच्या धमक्या येत असल्याचेही त्याने सांगितले.

येथे अनेक जण खचले असते. लोव्हरेन सरावाला परत गेला. सात महिन्यांनी, मे २०१८ मध्ये, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो लिव्हरपूलच्या बचावफळीत उभा होता. तो सामना रेआल माद्रिदने जिंकला. पण लगेच रशियात विश्वचषक झाला. सुमारे चाळीस लाख वस्तीचा क्रोएशिया डेन्मार्क, रशिया आणि इंग्लंड या तिघांशी जादा वेळेपर्यंत झुंजत अंतिम फेरीत पोहोचला. १५ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत फ्रान्सकडून ४–२ असा पराभव झाला, तरी उपविजेतेपद मिळाले. कर्णधार लुका मॉड्रिच हाही युद्धात घर गमावलेला मुलगाच!

२०१९ मध्ये लिव्हरपूलने चॅम्पियन्स लीग जिंकली, तर २०२० मध्ये तीस वर्षांनंतर इंग्लंडचे विजेतेपद मिळवले. दोन्ही संघांत लोव्हरेन होता. पुढे तो रशियाच्या झेनित क्लबकडे गेला. २०२२ च्या कतार विश्वचषकात क्रोएशियाने तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये, ७८ सामने खेळून त्याने देशाच्या संघाचा निरोप घेतला.

त्याचे सारेच घेण्यासारखे आहे असे नाही. २०१८ मध्ये स्पेनला हरवल्यावर त्याने प्रतिस्पर्ध्यांबद्दल अपशब्द काढले आणि युरोपच्या फुटबॉल संघटनेने त्याच्यावर एका सामन्याची बंदी घातली. पाय आवरणाऱ्याला जीभ आवरता आली नाही. सम्यक वाचा यशस्वी माणसालाही शिकावीच लागते, हेही मुलांना सांगावे.

पण एक गोष्ट त्याने मनापासून केली. २०१७ मध्ये लिव्हरपूलच्या वाहिनीवरील माहितीपटात त्याने आपल्या निर्वासितपणाची कहाणी उघडपणे सांगितली. स्केट्स विकल्याचेही लपवले नाही. आज देशोधडीला लागलेली माणसे पाहिली की आपले घर आठवते, त्यांनाही संधी द्या, असे त्याचे म्हणणे होते. मोठे झाल्यावर मागची गरिबी झाकणारे पुष्कळ असतात. ती सांगून दुसऱ्यासाठी दार उघडा म्हणणारे थोडे.

दहा पारमितांमध्ये वीर्य आणि उपेक्षा या दोन आहेत. हाती घेतलेले काम नेटाने तडीस नेणे हे वीर्य. निंदेने न मोडणे आणि स्तुतीने न फुगणे ही उपेक्षा. बचावपटूला या दोन्हींवाचून उभे राहता येत नाही, आणि आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या मुलांनाही नाही. आपले मूल नापास झाले, नोकरीच्या मुलाखतीत अडखळले, चारचौघांत चुकले, तर त्याला बोल लावण्याआधी वेम्बलीचा तो अर्धा तास आणि त्यानंतरचे सात महिने आठवावेत. आणि त्याच्या वर्गात परगावाहून आलेले, वेगळे बोलणारे एखादे पोर असेल, तर त्याला हसणाऱ्यांत आपले मूल नसावे. त्याने त्या पोराला खेळायला बोलवावे, एवढी शिकवण घरातूनच मिळायला हवी.