‘लेसरने केलं की रक्त येत नाही’

चिखली असो की खामगाव, मोठ्या माणसाच्या टॉन्सिल्सचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच, ‘लेसरने करा, रक्त नाही, दुखणं नाही.’ मग जवळचा सर्जन सोडून, मशीनची चौकशी करत माणूस अकोला नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठतो.

हा समज धोकादायक आहे.

टॉन्सिल्स काढण्याच्या जुन्या पद्धतीत स्टीलच्या हत्यारांनी गाठ सोडवतात आणि रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधतात. डायथर्मीत विजेच्या उष्णतेने, लेसरमध्ये प्रकाशाने, तर कोब्लेशनमध्ये सलाइनमधून रेडिओलहरी सोडून कमी तापमानाला काम होतं. या नव्या पद्धतींत ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी जातं, हे खरंच. पण जखमेवरची खपली साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी सुटते आणि पुष्कळदा रक्तस्राव तेव्हा होतो. रुग्ण तोवर गावी परतलेला असतो!

इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली सुमारे ३४ हजार रुग्णांची नोंद ठेवली गेली. डायथर्मी किंवा कोब्लेशनने टॉन्सिल्स काढलेल्यांत नंतरच्या रक्तस्रावाचं प्रमाण जुन्या पद्धतीच्या सुमारे तिप्पट निघालं. मुलांपेक्षा मोठ्यांत ते जास्तच होतं. दुखण्याचं म्हणाल, तर कोब्लेशनवरच्या चाचण्यांचा कोक्रेन या संस्थेने २०१७ साली आढावा घेतला; पहिल्या दिवशी थोडा फरक दिसला, पण रुग्णाला तो जाणवेलच असं नाही.

बाकीचे समज थोडक्यात.

‘प्रतिकारशक्ती जाते.’ नाही, जिभेच्या मुळाशी, नाकामागे आणि मानेत तसंच काम करणाऱ्या ऊती शिल्लक असतात.

‘मोठेपणी काढून उपयोग नाही.’ आहे, २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या ४५३ प्रौढांच्या चाचणीत दोन वर्षांतले घसादुखीचे मध्यक दिवस ऑपरेशन झालेल्यांत २३, तर न झालेल्यांत ३० होते.

‘दोनदा घसा धरला की काढा.’ वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा त्रास झाला, तर ऑपरेशनचा विचार होतो.

लोणार किंवा संग्रामपूरच्या रुग्णाने डॉक्टरांना मशीनपेक्षा एक गोष्ट आधी विचारावी: आठव्या रात्री रक्त आलं तर भूलतज्ज्ञ आणि घशाचा सर्जन कुठे भेटतील? ते ज्या दवाखान्यात भेटतील तो दूर असेल, तर पहिले दहा दिवस त्या दवाखान्याजवळ राहणाऱ्या नातेवाइकाकडे मुक्काम करावा. तोंडातून ताजं रक्त आलं, तर ते गिळू नये. पुढे वाकून बसावं, थुंकत राहावं आणि सकाळची वाट न पाहता लगेच दवाखान्यात जावं.