बेन नेव्हिसवरील पहाट

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात जून महिन्यातील रात्र नावापुरतीच असते. छप्पन्न-सत्तावन्न अंश उत्तर अक्षांशावरील ह्या प्रदेशात मावळलेला सूर्य क्षितिजाखाली फारसा खोल जात नाही, उत्तरेच्या आकाशात संधिप्रकाश रात्रभर रेंगाळत राहतो आणि साडेचारच्या सुमारास पुन्हा सूर्योदय होतो. अशा वेळी, दिवसा जिच्यावर माणसांची रीघ लागते त्या बेन नेव्हिसच्या वाटेवर ग्लेन नेव्हिस खोऱ्यातून जो एकटा चढू लागतो, त्याला घडणारे पर्वताचे दर्शन दुपारच्या गर्दीला सहसा घडत नाही; आणि हे केवळ रसिकाचे मत नव्हे, विज्ञानाच्या इतिहासातही त्यास आधार आहे.

बेन नेव्हिस हा ब्रिटनमधील सर्वोच्च पर्वत, उंची १३४५ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर असल्यामुळे सह्याद्रीत हिंडलेल्या मराठी माणसास हा आकडा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु येथील वाट जवळजवळ समुद्रसपाटीपासूनच सुरू होते, म्हणून बहुतेक सारी उंची पायांनीच मिळवावी लागते; शिवाय माथ्यावरील वर्षाचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असते आणि उत्तरेच्या कड्यांतील घळींत बर्फ ऐन उन्हाळ्यापर्यंत टिकून राहतो.

ह्या वाटेवरील पहाटेच्या पांथस्थांमध्ये अग्रपूजेचा मान क्लेमेंट रॅग ह्या हवामानशास्त्रज्ञाचा. १८८१ च्या जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा गृहस्थ दररोज पहाटे निघून, वाटेतील ठरलेल्या ठिकाणी थांबून वायुभार व तापमान नोंदवीत माथा गाठी, आणि त्याच सुमारास त्याची पत्नी खाली फोर्ट विल्यम येथे नोंदी घेई, जेणेकरून पायथा आणि शिखर ह्यांच्या हवेची तुलना व्हावी. त्या वेळी आजची रुळलेली वाट नव्हती. दलदल, ओले गवत आणि सुटे दगड तुडवीत, पावसात व वाऱ्यात, त्याने हा नेम चालविला. स्कॉटिश हवामानशास्त्रीय संस्थेने त्यास सुवर्णपदक दिले ते यथोचितच होते. त्याच्या परिश्रमांमुळे लोकांच्या वर्गणीतून १८८३ साली शिखरावर कायमची वेधशाळा उभी राहिली. आज बहुतेक सारे ज्या वाटेने चढतात ती वाट त्याच वेळी, तट्टांवरून सामान वाहून नेण्यासाठी बांधली गेली. तेथे दर तासाला, रात्रंदिवस, नोंदी होत. पैशाअभावी १९०४ साली वेधशाळा बंद पडली आणि आता तिच्या पडक्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत.

ह्याच वेधशाळेत १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन हा तरुण पदार्थवैज्ञानिक दोन आठवडे राहण्यास आला, आणि पहाट ही पर्वताची विशेष वेळ का, ह्याचे उत्तर त्याने तेथे जे पाहिले त्यात आहे. निरभ्र व निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिच्या सान्निध्यातील हवा थंड व जड होऊन दरीत उतरते, आणि तीतील बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदू होऊन खोरे धुक्याने काठोकाठ भरते. वर मात्र हवा उबदार व स्वच्छ राहते. माथ्यावरील माणसास तेव्हा शुभ्र मेघांचा सागर व त्यातून बेटांसारखी वर आलेली शिखरे दिसतात, आणि पाठीमागे सूर्य असला तर समोरच्या धुक्यावर त्याची स्वतःची छाया, मस्तकाभोवती इंद्रधनुषी वलये घेऊन उभी राहते. हेच ते इंद्रवज्र, जे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पाहिल्याची नोंद कर्नल साईक्सने करून ठेविली आहे. दहा माणसे शेजारी उभी असली तरी प्रत्येकास वलय दिसते ते आपल्याच मस्तकाभोवती. सूर्य वर चढून दरी तापली की हा सारा देखावा विरून जातो, म्हणून उशिरा येणाऱ्याच्या वाट्यास तो क्वचितच येतो.

विल्सनला ही वलये प्रयोगशाळेत निर्माण करण्याची ओढ लागली. त्या खटपटीतून मेघकक्ष हे उपकरण सिद्ध झाले, ज्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचे मार्ग जलबिंदूंच्या रेषांनी उमटतात, आणि त्याबद्दल १९२७ चे नोबेल पारितोषिक त्यास विभागून मिळाले. अणूच्या अंतरंगाचा शोध एका ढगाळ शिखरावरील प्रभातकाळापाशी जाऊन पोहोचतो, ही गोष्ट मला अत्यंत आनंदाची वाटते.

असा एकटा मनुष्य ह्या डोंगरावर अवेळी हिंडू शकतो, ह्यामागे कायद्याचेही पाठबळ आहे. स्कॉटलंडमधील डोंगर दीर्घकाळ बड्या जमीनदारांच्या शिकारीची राखीव राने होती. १८८४ साली जेम्स ब्राइस ह्यांनी लोकांना पर्वतांवर मुक्तपणे जाता यावे म्हणून पार्लमेंटात विधेयक मांडले, ते बारगळले. पुढे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने, जबाबदारीने वागण्याच्या शर्तीवर, कोणाच्याही मालकीच्या डोंगरावर दिवसा वा रात्री जाण्याचा हक्क सर्वांना दिला. मालकाच्या परवान्याची गरज त्यामुळे उरली नाही.

परवाना नको, पण हिशेब हवा. विल्यम नेस्मिथ ह्यांनी १८९२ मध्ये घालून दिलेला नियम आजही चालतो: तीन मैलांस एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. बेन नेव्हिसच्या जाण्यायेण्यास ह्या हिशेबाने, विश्रांती सोडून, सहा तासांच्या आतबाहेर वेळ लागतो. खरा धोका आहे तो माथ्यावरच. तेथील सपाट पठारावर धुके उतरले की दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, आणि परतीच्या वाटेच्या एका बाजूस गार्डीलू घळ, दुसऱ्या बाजूस फाइव्ह फिंगर घळ, अशा दोन खोल घळी आहेत. तेथे नकाशा, होकायंत्र आणि ती वापरण्याचा आधीचा सराव हाच आधार. गरम कपडे व विजेरी जूनमध्येही सोबत असावी.

शिक्षण वा नोकरीनिमित्त एडिंबरा-ग्लासगोस राहणाऱ्या आपल्या तरुणांनी ही पहाट अवश्य पाहावी. मात्र निघण्यापूर्वी मार्ग आणि परतीची वेळ कोणास तरी सांगून ठेवावी. कारण संकटकाळी डोंगरावर शोधास येणारी पथके बहुतांशी स्वयंसेवकांची असतात, आणि कोठे शोधावे हे कळले तरच ती वेळेवर पोहोचू शकतात.