अध्यक्षांचा हुकूम आणि पोलादाचे कारखाने

अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे चार वर्षांचा राजा, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. आम्हांस ते अर्धेच खरे वाटते. १९५० साली ट्रूमन यांनी काँग्रेसकडून (म्हणजे तिकडच्या कायदेमंडळाकडून) युद्धाचा ठराव न घेताच कोरियात सैन्य धाडले. ते पाऊल कोणी अडविले नाही. त्याच सैन्याला पोलाद कमी पडू नये म्हणून, संप सुरू होण्याच्या बेतात असता, १९५२ च्या एप्रिलात त्यांनी देशातले बहुतेक मोठे पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. ते मात्र पचले नाही. काँग्रेसने तसा अधिकार दिलेला नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २ जूनला ६ विरुद्ध ३ मतांनी हुकूम रद्द ठरविला. त्या सहांतले दोघे ट्रूमन यांनीच नेमलेले! कारखाने त्याच दिवशी मालकांकडे परत गेले, आणि पुढे संप ५३ दिवस चालला.