दुकानातला क्यूआर कोड फक्त पैसेच घेतो? तोच गिऱ्हाईक परत कसा आणू शकतो, समजून घ्या

जालना : सिंधी बाजारातलं कापड दुकान असो, गांधी चमनजवळची चहाची गाडी असो की रस्त्याकडेचा मोसंबीचा स्टॉल, गल्ल्याशेजारी क्यूआर कोड हमखास दिसतो. गिऱ्हाईक स्कॅन करतं, साउंडबॉक्स रक्कम बोलून दाखवतो आणि व्यवहार संपतो. पैसे आले, पण माल कसा वाटला, हा माणूस पुन्हा येणार का, नवीन माल आल्यावर त्याला कळवायचं कसं, हे दुकानदाराला समजत नाही.

खरं तर त्या क्षणी गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि फोन त्याच्या हातात असतो. जाहिरातीसाठी यापेक्षा चांगली वेळ नाही. पैशांच्या कोडशेजारी दुसरा एक कोड ठेवून छोटे व्यावसायिक या संधीचा फायदा घेऊ शकतात. मात्र त्यात एक फसगतही आहे. तीही जाणून घेऊया.

कोडच्या आत असतं काय?

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमध्ये तयार झाला. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीतील अभियंता मासाहिरो हारा यांच्या चमूने कारखान्यातल्या मालाची नोंद ठेवण्यासाठी तो बनवला. कंपनीने पेटंटचा हक्क बजावला नाही, त्यामुळे आज कोणीही कोड फुकट बनवू शकतं.

हा कोड म्हणजे चौकोनांत छापलेला मजकूर, एवढंच. एका कोडमध्ये जास्तीत जास्त ७,०८९ आकडे मावतात. पैशांच्या कोडमध्ये तुमचा यूपीआय आयडी आणि नाव असतं. त्याजागी व्हॉट्सॲपची लिंक टाकली तर व्हॉट्सॲप उघडतं, व्हिडिओची लिंक टाकली तर व्हिडिओ सुरू होतो. पैसे घेणाऱ्या आणि माहिती देणाऱ्या कोडमध्ये एवढाच फरक आहे.

महाराष्ट्रातली तीन उदाहरणं

पहिलं उदाहरण शाळेतलं. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. स्कॅन केलं की कविता ऐकू येते, धडा पाहता येतो. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

दुसरं घरांच्या जाहिरातींचं. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला. बिल्डर काय म्हणतो यापेक्षा नोंदणीत काय लिहिलंय, हे ग्राहकाला लगेच दिसतं.

तिसरं कोल्हापुरी चपलेचं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेसाठी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने क्यूआर कोड आणला. चप्पल कोणत्या कारागिराने कुठे बनवली, हे त्यातून कळतं.

थोडक्यात, कोड तीन कामं करतो : समजावून सांगतो, खात्री पटवतो आणि बनवणाऱ्याचं नाव पुढे आणतो.

जालन्यात कुठे वापरता येईल?

मोसंबी : जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बाहेरगावच्या बाजारात पोहोचलेल्या पेटीवरून ती कोणाच्या बागेतली, हे ग्राहकाला कळत नाही. पेटीवरच्या कोडमागे बागेचं गाव, अंबिया बहर की मृग बहर, तोडणीची तारीख एवढी माहिती असली तरी पुरे. मात्र मानांकनाचं चिन्ह वापरायचं असेल तर बागायतदाराने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.

मिरची पावडर, मसाले : पाकिटावरच्या कोडमधून कांडपाचा एक मिनिटाचा व्हिडिओ दाखवा. मोठ्या ब्रँडच्या जाहिरातीपेक्षा आपल्या डंकाचा आवाज जास्त विश्वास देतो.

कृषी सेवा केंद्र : फवारणी पंप किंवा ठिबकच्या सुट्या भागावर जोडणीचा मराठी व्हिडिओ लावा. शेतकऱ्याची खेप वाचते आणि दुकानही लक्षात राहतं.

टेलर, गॅरेज, हॉटेल : कोड स्कॅन करताच व्हॉट्सॲपवर तयार संदेश उघडतो, उदाहरणार्थ, 'नवीन माल आला की कळवा'. गिऱ्हाईकाने फक्त पाठवायचं. नंबर मागायची गरज नाही, तो त्याच्या मर्जीने येतो. मात्र त्याला तुमचाही नंबर सेव्ह करायला सांगा. नाहीतर ब्रॉडकास्ट लिस्टवरचा संदेश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

गुगलवर अभिप्राय द्यायचा कोडही लावता येतो. पण अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, गुगलच्या नियमांत ते बसत नाही.

'फुकट' कोडची फसगत

माझ्या ओळखीतल्या एका मसाले उत्पादकाने गेल्या वर्षी एका वेबसाइटवरून 'फ्री' कोड बनवला आणि दोन हजार पाकिटांवर छापून घेतला. सुरुवातीला सगळं नीट चाललं. काही दिवसांनी स्कॅन केल्यावर व्हिडिओऐवजी त्या वेबसाइटचं पान दिसू लागलं : 'मुदत संपली, कोड सुरू करण्यासाठी पैसे भरा'. पाकिटं तर दुकानांत पोहोचली होती. इंजिनिअरिंग करूनही आधी तपासून देण्याचं मला सुचलं नाही, याची खंत आहे.

असं का होतं? कोड दोन प्रकारचे असतात. स्टॅटिक कोडमध्ये तुमची लिंक थेट छापलेली असते. असा कोड कधीच 'संपत' नाही. डायनॅमिक कोडमध्ये मधल्या कंपनीची लिंक असते आणि तिथून गिऱ्हाईक तुमच्या पानावर जातं. याचा फायदा असा की छापल्यानंतरही पान बदलता येतं, किती जणांनी स्कॅन केलं ते मोजता येतं. पण चावी त्या कंपनीच्या हातात असते.

ओळखायचं कसं? छपाईआधी कोड स्कॅन करा आणि पान उघडण्यापूर्वी फोनवर दिसणारा पत्ता वाचा. तिथे अनोळखी कंपनीचं नाव असेल तर थांबा. व्हॉट्सॲपची किंवा तुमच्या स्वतःच्या वेबसाइटची लिंक असेल तर छापायला हरकत नाही. बदलणारी माहिती, म्हणजे दर किंवा तोडणीची तारीख, कोडमध्ये न टाकता पानावर लिहा. ती तिथे कधीही बदलता येते. व्हॉट्सॲपचा कोड असेल तर तो नंबरही बंद पडू देऊ नका.

छापताना हे लक्षात ठेवा

- पाकिटावर कोड किमान २ सेंटिमीटरचा हवा. फलकासाठी सोपा हिशेब : जितक्या अंतरावरून स्कॅन होणार, त्याच्या एक दशांश आकार. दोन मीटरवरून स्कॅन करायचा असेल तर २० सेंटिमीटर.
- फिकट पार्श्वभूमीवर गडद कोड छापा आणि चारही बाजूंनी कोरी जागा सोडा.
- योग्य सेटिंग निवडल्यास कोडचा ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. म्हणूनच मधोमध छोटा लोगो बसवता येतो. कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन मात्र झाकू नका.
- शेजारी मराठीत एक ओळ लिहा : 'स्कॅन करा, बाग पाहा'. कशासाठी स्कॅन करायचं हे कळलं नाही तर कोणी फोन बाहेर काढत नाही.
- पैशांचा आणि माहितीचा कोड वेगळ्या रंगाच्या चौकटीत ठेवा.

सावधगिरीही हवी

जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहोत दुकानांबाहेरच्या क्यूआर कोडवर रात्रीतून दुसरेच कोड चिकटवल्याचा प्रकार उघड झाला. गिऱ्हाईक पैसे देत होतं, पण जमा होत होते भलत्याच खात्यात. त्यामुळे रोज दुकान उघडताना स्वतःचा कोड स्कॅन करून नाव तपासा आणि बंद करताना पाटी आत घ्या.

कोणी 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका' म्हणालं तर नकार द्या. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.

सुरुवात कशी कराल?

एकदम दोन हजार पाकिटं छापू नका. एका कागदावर व्हॉट्सॲपचा कोड काढा, गल्ल्याजवळ लावा आणि आठवडाभर किती संदेश येतात ते मोजा. दहा जणांनी जरी 'नवीन माल आला की कळवा' असं पाठवलं, तरी पुढच्या वेळी माल आल्यावर कोणाला सांगायचं, हे तुम्हाला ठाऊक असेल.