शेगावला निघालात? तिकीट काढण्याआधी पंचांग पाहा

सुट्टी लागली की घरात ठरतं, 'चला, शेगावला जाऊन येऊ.' पण दिवस चुकला तर सोबतच्या आजी-आजोबांना तासनतास रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून आधी हे वाचा.

गर्दी कधी असते?
गुरुवार, एकादशी आणि सलग सुट्ट्यांना. सर्वाधिक गर्दी प्रकटदिन (माघ वद्य सप्तमी), रामनवमी आणि ऋषिपंचमीला. गजानन महाराजांनी १९१० मध्ये ऋषिपंचमीलाच समाधी घेतली. हे उत्सव तिथीनुसार असल्याने इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका.

पालखी परतते तेव्हा?
आषाढीला पंढरपूरला गेलेली पालखी श्रावणात परतते. शेवटच्या दिवशी खामगाव-शेगाव रस्त्यावर हजारो भाविक पायी चालतात. त्या दिवशी कारपेक्षा रेल्वे बरी. शेगाव स्टेशन मुंबई-हावडा मार्गावर आहे.

ज्येष्ठ सोबत असतील तर?
मधला वार निवडा, पहाटेच रांगेत लागा. समाधी भुयारात असल्याने पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर मुखदर्शनाचा पर्याय आहे.

लोणारही करायचंय?
ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. एकाच दिवसात दोन्ही कोंबू नका, लोणारसाठी वेगळा दिवस ठेवा. वाटेत सिंदखेडराजा घेणार असाल, तर १२ जानेवारीला तिथे जिजाऊ जन्मोत्सवाची गर्दी असते, हेही लक्षात ठेवा.