आरएक्स १०० ओढत का नाही?

गाडी किकला चालू होते, आवाजही बरा येतो, पण पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागला की धापा टाकते. आरएक्स १०० बाळगणारे ही तक्रार 'पिकअप गेला' एवढ्या दोनच शब्दांत सांगतात. गॅरेजमधलं उत्तरही बहुतेक वेळा तितकंच छोटं असतं: कार्बोरेटर साफ करू, नाहीतर बोअर करू. कार्बोरेटर आणि बोअर यांच्यामध्ये अख्खं इंजिन पसरलेलं असतं, तिकडे कुणी बघत नाही. त्यापायी कितीतरी धडधाकट सिलिंडर विनाकारण खरवडले गेले आहेत.

यामाहाच्या तंत्रज्ञानावर एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८५च्या नोव्हेंबरात बाजारात आणली. जपानी सहकार्यातून बनलेल्या १०० सीसी गाड्यांचे ते दिवस होते. इंड-सुझुकीची एएक्स १००, हीरो होंडाची सीडी १००, बजाजची कावासाकी केबी १०० या सगळ्या दोन-तीन वर्षांत आल्या. सीडी १००ने मायलेजवर घरं जिंकली, आरएक्सने मनगटं. ५० मिलिमीटरचा बोअर, तेवढाच स्ट्रोक, ९८ सीसी आणि ७,५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती. वजन १०३ किलोंच्या आसपास. त्या काळची साडेतीनशे सीसीची बुलेट १८ अश्वशक्ती द्यायची, पण दीडशे किलोंहून जास्त वजन ओढत. आरएक्स सिग्नलवरून सुटताना पुढे का जायची, ते या आकड्यांतच आहे. पुढे प्रदूषणाचे नियम आवळले गेले आणि १९९६च्या मार्चमध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यांत धाकटी आरएक्स १००सुद्धा तिशीला टेकली आहे.

टू-स्ट्रोक इंजिनाला डोक्यावर व्हॉल्व नसतात. पिस्टन वर जातो तेव्हा खाली क्रँककेसमध्ये पोकळी होते, रीड व्हॉल्वच्या पातळ पट्ट्या उघडतात आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढतं. थोडक्यात, क्रँककेस हा पंप आहे. फोर-स्ट्रोक गाडीच्या क्रँककेसला फट पडली तर जमिनीवर ऑइलचे थेंब पडतात आणि गाडी तशीच पळत राहते. इथे फट पडली की ताकदच गळते.

अर्थात, दोष इंजिनाचाच आहे याची खात्री आधी करावी. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा. अडकत फिरत असेल तर ब्रेक धरतोय. चढावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच प्लेटा घसरताहेत. टाकीच्या झाकणाचं हवेचं बारीक भोक बुजलं असेल तर गाडी काही किलोमीटर छान पळते, मग मरते, आणि झाकण उघडून पुन्हा लावलं की जिवंत होते. या तपासण्यांना पैसे पडत नाहीत.

त्यानंतर मी सायलेन्सरकडे जातो, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे हे अजूनही पुष्कळांना पटत नाही. पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावी एमझेड कंपनीच्या रेसिंग विभागात वाल्टर काडेन नावाच्या अभियंत्याने १९५०च्या दशकात या नळीचा पिच्छा पुरवला. जळालेला वायू बाहेर पडताना दाबाची एक लाट निघते. नळी मध्ये फुगवून पुढे निमुळती केली तर ती लाट उलटी फिरते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. १९६१पर्यंत काडेनचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्ती देऊ लागलं. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. पुढच्या वर्षी ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद सुझुकीकडे गेलं. जपानी टू-स्ट्रोकची भरभराट त्यानंतरची. आरएक्सच्या पोटफुगऱ्या सायलेन्सरचं मूळ या इतिहासात आहे.

म्हणून आवाजासाठी आतली नळी काढून फेकणारे, सायलेन्सर कापणारे आपल्याच गाडीचा दम घालवतात. उलट बाजूने, वर्षानुवर्षं साचलेल्या काजळीनेही तेच होतं. शेपटाकडचा स्क्रू काढला की आतली नळी ओढून काढता येते. भोकं बुजून ती काळी कुळकुळीत झालेली असेल तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून साफ करावी, पण हातमोजे घालून आणि डोळे जपून. सिलिंडरचं धुराड्याकडचं तोंडही त्याच वेळी बघावं. तिथे काजळीचा थर चढलेला असतो आणि तो काढल्यावर गाडी ओळखू येत नाही इतकी मोकळी होते.

क्रँकची ऑइल सील हा दुसरा दुर्लक्षित भाग. रबर तीस वर्षं टिकत नाही. उजवीकडचं, म्हणजे क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं: पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि गिअर ऑइल खाली न सांडताच कमी होत जातं. डावीकडचं, मॅग्नेटमागचं सील जास्त घातक. तिथून नुसती हवा शिरते. धूर नाही, गळती नाही. रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली बसत नाही, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि एक दिवस महामार्गावर जाम होतो. मग नवा पिस्टन बसवतात, सील तेच ठेवतात, आणि नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून क्रँककेसमध्ये पाच-सहा पीएसआय हवा भरली आणि ती टिकते का पाहिलं, की सगळा उलगडा होतो. असं करून बघणारा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका.

आता कार्बोरेटर. तोही दोषी असतोच, पण कुठे अडतं ते आधी चालवून शोधावं. ॲक्सिलरेटरच्या मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा करा. सुरुवातीच्या पाव भागात अडखळली तर पायलट जेट, मधल्या भागात अडखळली तर नीडल, पूर्ण मूठ फिरवल्यावर मरत असेल तर मेन जेट. चालत्या गाडीत चोक थोडा ओढून पाहा. बरी पळाली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी हवा घेते आहे. आणखी मेली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. एअर फिल्टर पेट्रोलने भिजलेला मिळाला तर रीड व्हॉल्वच्या पट्ट्या बघाव्यात, टोक तुटलेलं किंवा उचललेलं असतं. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचीही यात भर पडली आहे. इथेनॉल पाणी शोषतं, जुनी रबरं फुगवतं आणि मिश्रण जरा पातळ करतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढून ठेवावं.

पॉइंटबद्दल एवढंच: घासून फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते, इंजिन तापतं आणि ढिलं पडतं. फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवावी. वरच्या फेऱ्यांत मिसिंग आणि पॉइंटवर निळसर ठिणग्या दिसत असतील तर कंडेन्सर बदला, तो स्वस्त आहे.

एवढं सगळं झाल्यावरच कॉम्प्रेशन मोजायचं, तेही मूठ पूर्ण फिरवून, नाहीतर गेज खोटं सांगतं. बोअर करताना प्रत्येक खेपेला पाव मिलिमीटर लोखंड जातं: ५०.२५, ५०.५०, ५०.७५, ५१. पुढे स्लीव्ह. मूळ सिलिंडर आता कुठल्याच कारखान्यात बनत नाहीत, त्यामुळे सायलेन्सर आणि सील तपासल्याखेरीज कुणाला हेड उघडू देऊ नका. बोअर करावाच लागला तर कितव्या साइजला गेला ते आरसी बुकासोबत लिहून ठेवा. आणि जुनी आरएक्स विकत घेणार असाल तर किंमत विचारण्याआधी ही साइज विचारा.