पल्ल्याच्या गाड्या: शिवडी, ल मां आणि १९६८चा हंगाम

भारतातला मोटारी जोडण्याचा पहिला कारखाना जनरल मोटर्सने १९२८ साली काढला, तो शिवडीत. जागेची निवड सरळ हिशोबाची होती. समुद्रापलीकडून सुट्या भागांची खोकी बोटीने मुंबई बंदरात उतरत आणि गोदीपासून शिवडी हाकेच्या अंतरावर होती. सांगाडा, इंजिन, चाकं, पत्रा जोडला की तयार शेवरोलेट दारातून बाहेर पडे. महायुद्धाच्या काळात इथून लष्करासाठी वाहनं गेली. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने अट घातली की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच टप्प्याटप्प्याने बनवायला घ्या. जनरल मोटर्सला ते परवडणारं वाटलं नाही. १९५४ साली कारखान्याला टाळं लागलं.

त्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवर उरल्या त्या मुख्यतः फियाट, अँबॅसिडर आणि स्टँडर्ड हेरल्ड. त्यांच्यासाठीही नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची. अशा शहरात डिसेंबर १९६८ मध्ये लंडनहून निघालेल्या ७२ मोटारी धूळ खात येऊन पोचल्या. त्यात सिट्रोएन होती, पोर्शे होती, ऑस्ट्रेलियन बनावटीची फोर्ड फाल्कन आणि होल्डन मोनारो होती. आणि एका सिट्रोएनमध्ये बसला होता ल्युसियाँ ब्यांकी. दोनच महिन्यांपूर्वी त्याने जगातली सगळ्यात अवघड मोटार-शर्यत जिंकली होती.

ती शर्यत म्हणजे फ्रान्समधल्या ल मां शहराची चोवीस तासांची शर्यत. १९२३ साली ती सुरू झाली तेव्हा कोण किती जोरात पळतो हा मुद्दाच नव्हता. रात्री दिवे टिकतात का, पावसात इंजिन विझतं का, ग्राहकाला विकायची गाडी दिवसभर न कुरकुरता चालते का, हे पाहायचं होतं. सुरुवातीच्या वर्षांत वाटेत बिघाड झाला तर चालकानेच, गाडीत असलेल्या हत्यारांनी, तो दुरुस्त करायचा असा नियम होता. मार्गाचा मोठा भाग एरवीचा सार्वजनिक रस्ता, आजही. शर्यतीपुरता तो बंद होतो, मग पुन्हा ट्रॅक्टर आणि ट्रक त्यावरून जाऊ लागतात. शिवडीत शेवरोलेट जोडल्या जात होत्या त्याच काळात, १९५० साली, जनरल मोटर्सचीच एक जवळजवळ दुकानातून उचललेली कॅडिलॅक ल मांला धावली आणि दहावी आली.

साठच्या दशकापर्यंत ल मां ही एका मोठ्या हंगामाची शिखर-शर्यत झाली होती. डेटोना, सेब्रिंग, ब्रँड्स हॅच, मॉन्झा, सिसिलीच्या डोंगरातली टार्गा फ्लोरियो, न्युरबर्गरिंग, स्पा: कुठे सहा तास, कुठे बारा, कुठे हजार किलोमीटर. किताब चालकाला नव्हे, कारखान्याला मिळे. १९६८साठी नियम बदलले. फोर्डच्या सात लिटरच्या राक्षसी इंजिनांनी आधीच्या दोन वर्षांत ल मां जिंकलं होतं. तो वेग आवरण्यासाठी प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांना तीन लिटरची मर्यादा घातली. पाच लिटरपर्यंतचं इंजिन चालेल, पण तशा किमान पन्नास गाड्या बनवलेल्या हव्यात. पोर्शेने नवी ९०८ आणली. जॉन वायर या इंग्लिश व्यवस्थापकाने मात्र १९६४ पासूनची, जुनी म्हणून बाजूला पडत चाललेली फोर्ड जीटी-४० बाहेर काढली, तिला फिकट निळा आणि नारिंगी रंग दिला आणि मैदानात उतरवली.

हंगाम कमालीचा चुरशीचा झाला. डेटोना आणि सेब्रिंग पोर्शेने घेतलं. ब्रँड्स हॅच आणि मॉन्झा फोर्डने. टार्गा फ्लोरियो आणि न्युरबर्गरिंग पोर्शेकडे, स्पा आणि अमेरिकेतलं वॉटकिन्स ग्लेन फोर्डकडे. ल मां एरवी जूनमध्ये होते; त्या वर्षी मे महिन्यात फ्रान्स विद्यार्थ्यांच्या आणि कामगारांच्या उठावाने ठप्प झाला होता, म्हणून ती सप्टेंबरअखेर ढकलली गेली आणि हंगामाची शेवटची, निर्णायक शर्यत ठरली. सप्टेंबर म्हणजे रात्र मोठी, त्यात पाऊस. वायरची पहिली जोडी, जॅकी इक्स आणि ब्रायन रेडमन, दोघंही त्या सुमाराला अपघातांत जायबंदी होऊन घरी बसली होती. गिरणीत हजेरीवरचा कामगार आला नाही की फाटकापाशी थांबलेल्या बदलीला आत घेत, तशी ब्यांकीला वॉटकिन्स ग्लेनला संधी मिळाली होती आणि ल मांलाही मिळाली. जोडीदार होता मेक्सिकोचा पेद्रो रोद्रिगेज. दोघांनी आळीपाळीने चोवीस तासांत ३३१ फेऱ्या, म्हणजे सुमारे ४,४५० किलोमीटर कापले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पोर्शेला पाच फेऱ्यांनी मागे टाकलं. नव्या पोर्शे वेगवान होत्या, पण रात्रीत एकेक करून मागे पडल्या. कारखान्यांचा किताब फोर्डला गेला. पुढच्या वर्षी त्याच गाडीने, त्याच सांगाड्यावर, ल मां पुन्हा जिंकलं.

इकडे लंडनमध्ये वेगळाच बेत शिजत होता. १९६७ साली पौंडाचं अवमूल्यन झालं आणि ब्रिटनमध्ये निराशा पसरली. 'डेली एक्सप्रेस'चे मालक सर मॅक्स एटकेन यांच्या वर्तुळातून कल्पना निघाली की ब्रिटिश मोटारींची ताकद जगाला दिसेल अशी एक लांब शर्यत घ्यावी. लंडन ते सिडनी. पहिलं बक्षीस दहा हजार पौंड. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या निघाल्या. पॅरिस, तुरिन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली आणि मुंबई: आठवडाभरात सुमारे अकरा हजार किलोमीटर. तुर्कस्तानातल्या सिवास-एर्झिंजानच्या कच्च्या रस्त्यावर आणि काबूलपलीकडच्या लताबंद घाटात अनेकांचे गुण गेले. भारतात रस्ता बरा होता, पण दुतर्फा माणसांची दाटी इतकी की वाट काढणं हीच परीक्षा होती.

मुंबईत पोचताना ब्रिटनचा रॉजर क्लार्क आघाडीवर होता, लोटस कॉर्टिनात. ब्यांकी आणि त्याचा जोडीदार ज्याँ-क्लोद ओजिए पहिल्या तिघांत होते. ५ डिसेंबरच्या पहाटे तीनला पी अँड ओ कंपनीची 'चुसान' बोट ७२ गाड्या घेऊन मुंबईहून सुटली आणि १३ तारखेला ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला लागली.

पुढचे तीन दिवस म्हणजे पल्ल्याच्या शर्यतीचा धडाच. क्लार्कचं इंजिन बिघडलं. त्याने आपल्याच संघातल्या दुसऱ्या कॉर्टिनाचं सिलिंडर हेड काढून बसवलं. मग डिफरन्शियल गेला. रस्त्याकडेला एका सामान्य माणसाची कॉर्टिना दिसली. त्याची मनधरणी करून तिचा भाग काढून घेतला आणि क्लार्क पुन्हा निघाला. आघाडी गेली, पण तो दहावा येऊन पोचला. ब्यांकीची सिट्रोएन आता पहिली होती. सिडनी दीडशे किलोमीटरवर राहिलं असताना न्यू साउथ वेल्समधल्या नावराजवळ समोरून आलेल्या मिनीवर ती आदळली. स्टिअरिंगवर ओजिए होता. ब्यांकी गंभीर जखमी झाला. मागून आलेला स्पर्धक पॅडी हॉपकर्क याने जिंकण्याची आशा सोडून मदतीला गाडी थांबवली. १७ डिसेंबरला जिंकली ती अँड्र्यू कोवानची हिलमन हंटर, अगदी साधी कुटुंबवत्सल मोटार. लंडनहून निघालेल्या ९८ पैकी ५६ पोचल्या.

ब्यांकी बरा झाला आणि लगेच कामावर परतला. ३० मार्च १९६९ रोजी ल मांच्याच रस्त्यावर चाचणी घेताना त्याची अल्फा रोमिओ घसरली आणि तो गेला. जिंकल्यापासून सहा महिने झाले होते.

आज ल मांला प्रत्येक गाडीत तीन चालक असतात. भारतीयही तिथे पोचले आहेत: करुण चंडोकने २०१२ साली जेआरएम संघातून एकूण सहावा क्रमांक मिळवला, अर्जुन मैनी २०१९ मध्ये तिथे आणि युरोपियन ल मां मालिकेत धावला. जनरल मोटर्सची कॅडिलॅक २०२५च्या ल मांमध्ये सर्वांत पुढच्या जागेवरून सुटली आणि त्याच हंगामात साओ पावलोची शर्यत जिंकली. पण त्या कंपनीच्या मोटारी भारतातल्या दुकानात मिळत नाहीत. शिवडीनंतर चार दशकांनी ती परत आली होती, २०१७ साली तिने पुन्हा विक्री थांबवली.

इथेच शिवडीचा आणि त्या हंगामाचा हिशोब जुळतो. क्लार्कला डिफरन्शियल मिळाला, कारण ऑस्ट्रेलियाच्या आडरस्त्यावरही कॉर्टिना होती. जीटी-४० जिंकली, कारण चार वर्षं तिचा एकेक बोल्ट ओळखणारे हात तिच्या मागे होते. शिवडीच्या शेवरोलेटचा जीव बोटीने येणाऱ्या खोक्यांत होता. खोकी थांबली तशी गाडी संपली. फियाटचं उलट झालं. तिचे भाग कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात आणि त्याच्याभोवतीच्या लहान लहान वर्कशॉपांत बनू लागले, तिचं इंजिन रस्त्याकडेला उतरवू शकणारे मिस्त्री गल्लोगल्ली तयार झाले. म्हणून ती 'पद्मिनी' या नावाने, दिवसाचा एक आणि रात्रीचा दुसरा ड्रायव्हर घेऊन, टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत या शहरात धावली, तेही कारखाना बंद पडून वीसेक वर्षं उलटल्यावर. ल मां ज्या गुणाला चषक देते तो वेग नसून दुरुस्त होत टिकून राहण्याचा हा गुण आहे, आणि तो कुठल्याही खोक्यात भरून आणता येत नाही.